वजन बरोबर होतं

चाकणच्या पट्ट्यातली हिवाळ्याची सकाळ मी नोकरीत पुष्कळदा पाहिली. रात्रपाळी सुटलेल्या कामगारांच्या बसगाड्या धुक्यातून दिवे लावून निगडीकडे निघायच्या, आणि शेडच्या पत्र्यांवरून दव टपटपत राहायचं. त्यातल्या एका सकाळचं धुकं मात्र माझ्या डोळ्यांवरून अजून उतरलेलं नाही. आता मी निवृत्त होऊन सांगवीत राहतो. झोप आणि जाग यांच्या मधल्या वेळी कधी कधी मला एक ओढा दिसतो. काठावर म्हशी बसल्या आहेत, निवांत रवंथ करताहेत, असं वाटतं. जवळ गेलं की कळतं, त्या रवंथ करत नाहीत.

या प्रकरणातल्या कोणाचंही नाव मी देणार नाही. त्यातली बरीच माणसं आजही त्याच भागात राहतात.

त्या वेळी मी एका ठाण्याचा प्रभारी निरीक्षक होतो. सकाळी गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला की एका म्हाताऱ्याच्या सगळ्या म्हशी ओढ्यावर मरून पडल्या आहेत आणि गावात माणसं गोळा होत आहेत. मी हवालदारांना घेऊन निघालो. गावच्या अलीकडे पाऊलवाट ओढ्यात उतरते, तिथे जीप थांबवली. धुकं इतकं दाट होतं की आधी नुसती शिंगं दिसली, मग पाठी. पाणी निवळ होतं, तळातले गोटे दिसत होते. इतकं स्वच्छ पाणी मी त्या भागात क्वचितच पाहिलं असेल. ज्यांच्या म्हशी होत्या ते आबा काठावरच्या दगडावर बसले होते. रडत नव्हते. एका म्हशीच्या कपाळावर हात ठेवून ते तिला काहीतरी हळू आवाजात सांगत होते.

पंचनामा केला, पंचांच्या सह्या घेतल्या. ओढ्याचं पाणी बाटल्यांत भरून सीलबंद केलं. जनावरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी तिथेच शवविच्छेदन केलं. फिर्याद आबांनी दिली. संशय कोणावर, असं विचारल्यावर त्यांनी नाव घेतलं नाही. नाव गावानेच घेतलं.

ते होतं त्यांच्या सख्ख्या पुतण्याचं. दोघांची शेतं शेजारी-शेजारी. ओढ्याकडे जाणाऱ्या वाटेवरून भांडण होऊन बोलणं बंद झालेलं. पुतण्या एका कंपनीत फिटर होता, पाळी संपली की शेत बघायचा. काही आठवड्यांपूर्वी आबांच्या म्हशी त्याच्या कांद्यात शिरल्या, तेव्हा तो चारचौघांत म्हणाला होता की पुन्हा शिरल्या तर एकही जिती ठेवणार नाही. हे वाक्य आम्हाला त्या दिवशी निदान दहा जणांनी सांगितलं, आणि प्रत्येकाच्या सांगण्यात ते थोडं थोडं वाढत गेलं.

दुपारी ठाण्याच्या फोनवर एक निनावी खबर आली. आदल्या संध्याकाळी तो पुतण्या ओढ्यात डबा रिकामा करताना दिसला होता, एवढंच सांगून माणसाने फोन ठेवला. ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद घेतली. आम्ही त्याच्या शेतावर गेलो. खोपटात फवारणीचा पंप, पाण्याचा डबा आणि कीटकनाशकाची अर्धी बाटली मिळाली. शेतकऱ्याच्या खोपटात या वस्तू असायच्याच, पण त्या दिवशी त्या वेगळ्या दिसत होत्या. बाहेर पन्नास-साठ माणसं जमली होती आणि त्यांतल्या काहींच्या हातात काठ्या होत्या. त्याला ठाण्यात आणण्यामागे चौकशी हे एक कारण होतं. तो तिथे राहिला असता तर संध्याकाळपर्यंत त्याचे हातपाय शाबूत राहिले नसते, हे दुसरं.

चौकशीत आरडाओरडा करण्यावर माझा कधीच विश्वास नव्हता. माणूस घाबरला की तुम्हाला हवं ते बोलतो, आणि पुढे कोर्टात तेच आपल्या अंगावर येतं. मी त्याला समोर खुर्ची दिली, चहा दिला. तो कपाकडे बघत बसला. डबा रिकामा केला होतास का, विचारलं. त्याने होकाराची मान हलवली. डब्यात काय होतं? पाणी. मग भरलेलं पाणी परत ओढ्यात का ओतलंस? यावर तो गप्प झाला. पुन्हा पुन्हा विचारलं, पण त्याच प्रश्नापाशी येऊन तो थांबायचा. हवालदारांचं मत झालं की हाच तो, दोन दिवसांत कबूल होईल.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. इतका वेळ गप्प बसलेल्या त्या माणसाने आपणहून एकच प्रश्न विचारला होता.

"साहेब, आबानं काय खाल्लं का सकाळपास्नं?"

ज्याने जनावरं मारली तो असं विचारत नाही, असं मी म्हणणार नाही. मारणारेही विचारतात, मी पाहिलं आहे. पण मारणारा ते विचारताना तुमच्या तोंडाकडे बघतो, आपल्या बोलण्याचा काय परिणाम झाला ते जोखतो. याने कपावरची नजर उचललीही नव्हती.

संध्याकाळी डॉक्टर ठाण्यात आले. व्हिसेरा प्रयोगशाळेकडे पाठवला होता, त्याच्या अहवालाला वेळ लागणार होता. पण डॉक्टर म्हणाले की कागदावर मी आत्ता काही लिहून देणार नाही, तोंडी मात्र सांगतो. हे फवारणीचं औषध वाटत नाही. त्याची लक्षणं वेगळी असतात, तोंडाला फेस येतो. या जनावरांचं रक्त लालभडक होतं, आणि पोट उघडल्यावर एक कडवट वास आला. त्यांना सायनाइडचा संशय होता.

सायनाइड म्हटल्यावर मी पुतण्याकडे परत गेलो. या वेळी डब्याचं विचारलं नाही. आदल्या संध्याकाळी ओढ्यावर काय दिसलं, एवढंच विचारलं. तो बोलू लागला तेव्हा त्याचा आवाज झोपेतून उठलेल्या माणसासारखा होता. फवारणीसाठी तो रस्त्याखालच्या मोरीजवळ पाणी भरायला गेला होता. डबा भरला आणि मग दिसलं की मोरीच्या वरच्या डोहात मासे उताणे तरंगताहेत, लहानमोठे सगळे, मावळतीच्या उन्हात नुसते चमकत होते. त्याने डबा तिथेच ओतून दिला आणि हात पँटीला पुसले.

"पाणी बिघडलंय ते मला कळलं व्हतं, साहेब. आबाच्या म्हशी सकाळी तिथंच उतरत्यात, ते बी ठावं व्हतं. त्यांच्या दारापातुर गेलो मी. आमचं बोलणं न्हाई. तसाच माघारी फिरलो."

एवढं बोलून त्याने चेहरा ओंजळीत झाकला. तो दिवसभर का गप्प होता, ते तेव्हा मला समजलं. आम्ही ज्या गुन्ह्याबद्दल विचारत होतो तो त्याने केलाच नव्हता. पण स्वतःच्या मनात तो गुन्हेगारच होता, म्हणून नाहीही म्हणवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्याला घेऊन मी मोरीवर गेलो. मासे अजून होते, काठाच्या गवतात अडकलेले. याने डबा ओतला तो मोरीपाशी, म्हशी उतरायच्या ती जागा तिच्या खाली, आणि मेलेले मासे मात्र मोरीच्याही वर. खालून टाकलेलं विष प्रवाहाच्या उलट वर चढत नाही. आम्ही काठाकाठाने वर चालत गेलो. धुक्यात पाण्याचा आवाज येत होता, बाकी बेडूक नाही की पाखरू नाही. असं वाटत होतं की आम्ही कोणाच्या तरी स्वप्नातून चाललो आहोत आणि मोठ्याने बोललो तर ते मोडेल. बऱ्याच अंतरावर शेडची रांग लागली. त्यातल्या एका शेडमागून एक पाइप ओढ्यात उतरला होता. त्या पाइपाच्या वर मासे जिवंत होते. पुतण्याने हात पाण्याकडे करून मला ते दाखवले.

ती शेड म्हणजे गाड्यांच्या सुट्या भागांवर मुलामा चढवणारं एक छोटं युनिट होतं. या कामात सायनाइडचं द्रावण वापरतात, त्यासाठी परवाना असतो. मालकाने आम्हाला सगळं उघडून दाखवलं. वापरलेलं द्रावण एका टाकीत घेतात, त्यात हायपो, म्हणजे ब्लीचिंगचं पाणी, मोजून घालतात. त्याने सायनाइड मोडून जातं आणि मगच पाणी सोडतात. मालक उद्धट नव्हता, उलट दुखावलेला होता. वर्षानुवर्षं असंच करतो, कधी एक मासा मेला नाही, म्हणाला. टाकीवर काम करणारा ऑपरेटर बीडकडचा. त्याने शपथेवर सांगितलं की सायनाइड किती आणि हायपो किती, हे आकडे त्याला तोंडपाठ आहेत आणि त्यात त्याने रतीभर फरक केलेला नाही.

"तराजू तपासा साहेब. म्या वजन बरोबरच केलंय."

आम्ही तराजू तपासला. बरोबर होता. ऑपरेटरला बारीकसारीक विचारलं, तो एकदाही अडखळला नाही. तीस वर्षांत खोटं बोलणारी माणसं मी इतकी पाहिली की खरं बोलणारा समोर आला की चुकल्यासारखं होतं. हा खरं बोलत होता. पण पाइपाच्या खाली मासे मेले होते हेही तितकंच खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एकमेकींशी जुळत नसल्या की तपास अडतो. पाण्याचे नमुने पाठवले, मालकाला अहवाल येईपर्यंत टाकी सोडू नका असं सांगितलं, आणि मी ठाण्यात येऊन बसलो.

त्याच दुपारी एक तरुणी ठाण्यात आली. ती त्या युनिटची केमिस्ट होती. मूळची लातूरची, निगडीत दोन मैत्रिणींबरोबर भाड्याने राहायची. भावाच्या लग्नाला गावी गेली होती, त्या सकाळीच परतली होती. हातावरची मेंदी अजून गडद होती. कंपनीत गेल्यावर तिला म्हशींचं कळलं. ती कोणाशी न बोलता आधी रसायनांच्या खोलीत गेली आणि तिथून सरळ माझ्याकडे आली.

"साहेब, वजन बरोबर आहे," ती म्हणाली. "चूक तिथंच आहे."

मला काहीच कळलं नाही, तसं मी सांगितलं. मी कला शाखेचा माणूस. ती इकडेतिकडे बघू लागली. ठाण्याबाहेरच्या गाडीवरून आमच्या महिला पोलिसांनी बोरं आणि पेरू आणले होते, ते बाकावर होते. तिने ती पिशवी माझ्या टेबलावर आणली. एक किलो पेरूत फळं किती बसतील, तिने विचारलं. मी म्हटलं, सात-आठ. आणि एक किलो बोरांत? शंभराच्या आसपास. आता प्रत्येक फळ एकेका कागदी पिशवीत घालायचं आहे असं समजा, ती म्हणाली. तुम्ही पेरूंच्या अंदाजाने पिशव्या आणल्यात आणि टोपली उघडल्यावर निघाली बोरं. वजन किलोभरच, पण पिशव्या कमी पडणार. उरलेली बोरं उघडीच राहणार.

मग तिने सांगितलं ते असं. सायनाइडच्या एकेका कणाला मोडायला हायपोचा एकेक कण लागतो. कण डोळ्यांना दिसत नाहीत, हातांनी मोजता येत नाहीत. म्हणून रसायनशास्त्रात डझनासारखी एक मोजणी असते, तिला मोल म्हणतात. कोणत्याही पदार्थाचा एक मोल घ्या, कण तेवढेच असतात, वजन मात्र ज्याचं त्याचं वेगळं. त्यांच्याकडे नेहमी पोटॅशियमचं सायनाइड यायचं. त्याचा एक मोल भरतो पासष्ट ग्रॅम. ती गावी असताना व्यापाऱ्याकडे तो माल नव्हता, त्याने सोडियमचं पाठवलं, तसं चलनावर लिहिलेलं तिने वाचलं होतं. तेही तसंच पांढरं, तशाच डब्यात. त्याचा एक मोल एकोणपन्नास ग्रॅम. म्हणजे कण हलका. ऑपरेटरने मालकाला विचारलं होतं आणि मालक म्हणाला होता, सायनाइडच आहे ना, चालतंय, हे आम्हाला मागाहून कळलं. ऑपरेटरने नेहमीचंच वजन घेतलं, आणि त्यात कण जवळपास सव्वापट झाले, किंबहुना थोडे जास्तच. हायपो मात्र जुन्याच हिशेबाचं.

"एक चतुर्थांश सायनाइड तसंच राहिलं, साहेब. आणि आता ओढ्याला धारही बारीक आहे."

ती हे सगळं शांतपणे सांगत होती, पण बोटांनी एक बोर सारखं फिरवत होती. मी विचारलं, मग ऑपरेटरची चूक म्हणायची का? ती नाही म्हणाली. तिनेच त्याला आकडे पाठ करून घेतले होते. आकडे कशाचे, कशावरून काढले, पदार्थ बदलला तर ते बदलतात, हे तिने कधी सांगितलं नव्हतं. त्याला काय समजणार, असं तिला वाटलं होतं.

मग तिने मला जे विचारलं त्याने मी खुर्चीतून उठलोच. टाकी आज भरली असेल, ती सोडायला तुम्ही कोणाला बंदी केली आहे, मालकाला की ऑपरेटरला? मी मालकाला सांगितलं होतं. मालक आम्ही निघाल्यावर लगेच वकिलाकडे गेला होता. ऑपरेटरच्या लेखी वजन बरोबर होतं, आणि पाळी संपताना टाकी सोडायची हे त्याचं रोजचं काम.

कंपनीतला फोन कोणी उचलत नव्हतं. आम्ही जीपने निघालो, प्रदूषण नियंत्रणाच्या अधिकाऱ्यांना परस्पर तिकडेच यायला सांगितलं. रस्त्यात नेहमीसारखे कंटेनर अडकलेले. नुसतं धुवायला काय होतंय म्हणून खाली गावातल्या बायका अजूनही उतरत्या उन्हात ओढ्यावर धुणं घेऊन जातात, हे मला पोलीस पाटलाने सांगितलं होतं. पोचलो तेव्हा ऑपरेटर झडपेपाशी उभा होता, हात चाकावर. तिने दारातूनच त्याला थांब म्हटलं. भावा, थांब, एवढंच. तो थांबला. आमच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि चाकावरचा हात असा काढला की जणू ते तापलेलं होतं.

आधी पंचांसमोर टाकीतल्या पाण्याचे नमुने घेऊन सील केले. मग अधिकाऱ्यांनी चाचणीची पट्टी बुडवली. ती गडद रंगली. सायनाइड होतं. पुढचं काम त्या मुलीने त्यांच्या देखरेखीखाली केलं. पाणी पुरेसं अल्कधर्मी आहे ना, ते पाहिलं. नाहीतर विषारी वायू सुटतो, म्हणाली. मग ऑपरेटरला शेजारी उभं करून मोठ्याने हिशेब केला. एकूण वजनाला एकोणपन्नासने भागायचं, म्हणजे मोल आले. तेवढेच मोल हायपोचे, आणि शेवटी थोडं जास्त. ऑपरेटर तिच्यामागून एकेक आकडा ओठांतल्या ओठांत म्हणत होता. का भागायचं, हे त्याने दोनदा विचारलं आणि तिने दोनदा सांगितलं. हायपोची धार टाकीत पडत राहिली. छपराच्या फटीतून ऊन पाण्यावर उतरलं होतं आणि हिरवट पिवळं पाणी त्यात सावकाश फिरत होतं. बऱ्याच वेळाने पट्टी पुन्हा बुडवली. रंग आला नाही.

तिचा जबाब नोंदवताना हवालदारांनी मला बाजूला घेतलं. आकड्यांबद्दल तिने स्वतःविषयी जे सांगितलं ते वाक्य जबाबात नसलं तरी प्रकरण उभं राहतं, पोरगी लहान आहे, असं त्यांचं म्हणणं. माणूस मनाने चांगला होता. तिच्या कानावर ते गेलं असावं. तिने जबाब वाचला आणि विचारलं, ते वाक्य कुठं आहे? घालून घेतल्यावरच सही केली.

पुढे प्रयोगशाळेचा अहवाल तिने सांगितलं तसाच आला. विषारी पदार्थ हाताळण्यात निष्काळजीपणा आणि पाणी दूषित करणे याबद्दल मालकावर दोषारोपपत्र गेलं, त्याला शिक्षाही झाली. पुतण्याविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल आम्ही न्यायालयात दिला. ती मुलगी साक्षीला आली, उलटतपासणीत वकिलाने तिला तिच्याच वाक्यावरून बरंच छळलं. ती डगमगली नाही. नंतर तिने त्या भागातल्या छोट्या युनिटच्या ऑपरेटरांना सुट्टीच्या दिवशी शिकवायला सुरुवात केली, असं मला कळलं.

त्या दिवशी टाकीचं काम उरकल्यावर पुतण्याला मी स्वतः जीपने घरी सोडलं होतं. तो म्हणाला, आधी आबांकडे न्या. आबा रिकाम्या गोठ्यात एकटेच बसले होते. मी त्यांना टाकीचं, पाइपाचं, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं की नाही कळेना. मग पुतण्या पुढे झाला आणि मासे, डबा, दारापर्यंत येऊन माघारी फिरणं, हे सगळं त्याने उभ्या उभ्या सांगून टाकलं. मला वाटलं होतं म्हातारा चवताळेल.

"सांगितलं असतंस तरी मी ऐकलं नसतं," आबा म्हणाले. "म्हटलं असतं, वाट अडवायला खोटं बोलतोय."

मग त्यांनी सरकून शेजारी जागा केली. तो बसला. मी जीपकडे परत आलो तेव्हा दोघं तसेच शेजारी शेजारी बसले होते.

पोलिसी नोकरीत माणूस प्रश्न विचारायला शिकतो. कुठे होतास, काय केलंस, कोणाबरोबर होतास. त्या प्रकरणानंतर मी प्रत्येक चौकशीत एक प्रश्न वाढवला. कागदावर तो कधी आला नाही, माझ्या हाताखालच्या अधिकाऱ्यांना मात्र मी तो आवर्जून शिकवला. सगळं विचारून झालं की पेन खाली ठेवायचं आणि विचारायचं, तुला कोणाला काही सांगायचं राहून गेलं का? बहुतेक वेळा त्याचं उत्तर गुन्ह्याशी संबंधित नसायचं. कोणी आईचं नाव घ्यायचं, कोणी भावाचं, कोणी नुसतंच खिडकीबाहेर बघत राहायचं. पण त्यानंतर माणूस बोलायला लागायचा.